बोटीतला बूट

१० मे, शुक्रवार

टीव्ही हवा होता मला! टीव्ही!

आमच्या साहेबांनी — म्हणजे नवऱ्याने, घरात दुसरा साहेब कोण — विचारलंसुद्धा नाही. वर्षभरात सगळ्यात जास्त वॉटर प्युरिफायर विकले म्हणून कंपनीने दोन बक्षिसं पुढे केली. मोठा टीव्ही, नाहीतर दोघांना थीम पार्कमध्ये चार दिवस, राहणं-खाणं सगळं आत. याने तिथल्या तिथे पार्क सांगून टाकलं. घरी येऊन मला बातमी दिली ती दारातच, मोजे काढता काढता. पन्नाशीला टेकलेली माणसं आम्ही. गुडघे कुरकुरतात. आणि पाळण्यात बसणार!

म्हटलं, मला एका शब्दाने विचारायचं तरी.

"विचारलं असतं तर तू टीव्ही म्हणाली असतीस."

हे उत्तर झालं?

मोडूनच टाकणार होते सगळं. पण पार्क निघालं ते नेमकं माझ्या लहानपणच्या बुटाचं. तेच. तिथे पुन्हा कधी जाईन असं वाटलं नव्हतं. गप्प बसले. रजेचा अर्ज दिला. दातांच्या लॅबमध्ये चार कवळ्या अर्ध्यावर आहेत, चार म्हातारी माणसं माझ्या नावाने बोटं मोडणार.

१२ मे, रविवार

पोचलो. खोली सहाव्या मजल्यावर. गालिच्यावर किल्ले, पडद्यावर किल्ले, साबणावरसुद्धा किल्ला. पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. तो मोडायचा कसा म्हणून मी हात पुसायला रुमाल घेतला. साहेबांनी आल्या आल्या हत्तीने तोंड पुसलं.

आल्यापासून याची टकळी सुरू. रिसेप्शनवरची मुलगी झाली, सामान आणणारा झाला, लिफ्टमध्ये भेटलेलं कुटुंब झालं. तोंडात तीळ भिजत नाही या माणसाच्या. धंदाच तसला. लोकांच्या स्वयंपाकघरात बसायचं, नळाचं पाणी ग्लासात घेऊन उजेडात धरायचं आणि सुस्कारा सोडून म्हणायचं, "आमच्या घरी पण अस्संच झालं हो!" कोण्या गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्या गिऱ्हाइकाला आपली म्हणून सांगायची. त्याच्या म्हणण्यानुसार आमच्या घरात तिघांना कावीळ झाली आहे, माझा मूतखडा काढला आहे आणि सासूबाई टायफॉइडमधून थोडक्यात वाचल्या आहेत. सासूबाई ठणठणीत आहेत. मूतखडा शेजाऱ्यांचा.

खिडकीतून पार्क दिसतं. डावीकडे ती बोट. सिमेंटचा कालवा, पुढे एक खोटा बोगदा, त्यात रंगवलेले पुतळे. पाणी निळं आहे. तेव्हा हिरवं होतं. रंग बदलला असेल.

मी पाच वर्षांची होते, दादा नऊचा. बोटीत मी कडेला बसलेली, पाय बाहेर सोडून. लाल बूट सुटला आणि पाण्यात पडला. मी भोकाड पसरलं. आणि बाबा — जे पाण्याचा तांब्या हवा असला तरी आईला हाक मारायचे ते आमचे बाबा — कपड्यांसकट त्या हिरव्या पाण्यात उतरले! गुडघ्याच्या वरपर्यंत पँट भिजलेली, हात उंच केलेला, हातात माझा बूट. सगळे बघतायत. मला मी दिसते, बोटीत उभी राहिलेली, एका पायात बूट, एका पायात मोजा. त्या दिवसाचं बाकी काही म्हणजे काही आठवत नाही. कसे गेलो, काय खाल्लं, आई कुठे बसली होती. बूट तेवढा लख्ख.

बाबांनी माझं केलेलं हे एवढंच. माझ्या शाळेचं नाव त्यांना धड येत नव्हतं. निकाल दादाचा बघायचे, माझ्या प्रगतिपुस्तकावर आई सही करायची. पण बुटासाठी ते पाण्यात उतरले होते, हे मला कुणी नाकारू शकत नव्हतं. त्या एका बुटावर मी त्यांचं शेवटचं वर्ष काढलं. अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी. आणि रोज सकाळी डोळे उघडले की विचारायचे काय, तर "दादा आला का?" दादा यायचा, महिन्याकाठी, फळं घेऊन. मला हाक मारायची झाली तर "ए."

एकदा मी त्यांना बुटाची आठवण करून दिली. भरवत होते तेव्हा. चमचा तसाच राहिला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं. मी समजले, आठवलं यांना.

त्यानंतर मला चादरींचंही काही वाटेनासं झालं.

१३ मे, सोमवार

दिवसभर पायपीट. सगळीकडून तेच गाणं, झाडांतूनसुद्धा. स्पीकर झाडात लपवलेत. रोलर कोस्टरवर साहेबांचा चष्मा उडाला. खाली उतरून मुलांसारखे हसत होते. मी बाकावर पर्स सांभाळत बसलेली.

फाटक बघून काहीच आठवलं नाही. कारंजं बघून नाही. कमानीवरचं घड्याळ "पहिल्यापासून आहे" असं पाटीवर लिहिलंय, तेही नाही. पाच वर्षांच्या पोरीला काय आठवणार?

बोटीकडे आज न्यायला तयारच नाही हा. "बोट उद्या. सावकाश. सगळ्यात शेवटी." जसं काही याचंच आहे ते.

१४ मे, मंगळवार

लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नाश्त्याला आमच्या टेबलावर एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको बसतात. भली माणसं. नातवंडांबरोबर आलेत, नातवंडं त्यांना ओळख दाखवत नाहीत. आज हेडमास्तरांनी सहज विचारलं, "तुम्ही पूर्वी आला होतात का इथे?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांनी ऑम्लेट बाजूला सारलं.

"आलो होतो म्हणजे काय! नऊ वर्षांचा असेन. त्या बोटीत बसलो होतो. निळा कॅनव्हासचा बूट, नवाकोरा, पडला पाण्यात! आमचे वडील भलते तापट. पण उतरले हो पाण्यात, कपड्यांसकट! बूट काढला, वर आले, बूट माझ्या हातात दिला — आणि अशी कानाखाली वाजवली की अजून शिट्टी ऐकू येते!"

हेडमास्तर पोट धरून हसले. त्यांच्या बायकोने डोळे टिपले. आणि साहेब! साहेबांनी पाव तोडला, बुडवला, खाल्ला आणि मग वर बघितलं. माझ्याकडे. तेव्हा कुठे चेहरा उतरला. मी बाजूला बसलेय हे विसरूनच गेला होता तो. म्हणजे दर दिवशी कुठल्या ना कुठल्या स्वयंपाकघरात हे चालू असणार. माझा बूट, माझा बाप, आणि याचं प्युरिफायर.

मी उठले.

हा मागोमाग आला. बोटीच्या रांगेजवळ गाठलं. मी म्हटलं, तो बूट माझा आहे.

"अगं हो. सवय गं, धंद्याची. जीभ घसरली."

घसरली? तीनशे माणसांची जीभ घसरत नाही एवढी तुझी एकट्याची घसरते. निळा कुठून आणलास?

"निळा काय, लाल काय..."

आणि ती कानाखाली? माझ्या बाबांनी मला त्या दिवशी बोटसुद्धा लावलं नव्हतं! एक, एकच दिवस आहे माझ्याकडे त्यांचा, त्यात तू मारामारी घातलीस? कशासाठी, तर लोक हसावेत म्हणून?

यावर गप्प. हा माणूस गप्प! मग म्हणाला, "तुझाच बूट, बाई. लाल. बाबांनी मारलं नाही. झालं? चल, रांग हलतेय. आधी बोटीत बस, मग हवं तेवढं बोल."

झालं म्हणे! भाजी परत करावी तसा परत केला माझा बूट. लगेच, वाद न घालता. याहून तो भांडला असता तर बरं वाटलं असतं.

म्हटलं, असं नाही. दादाला फोन लावते. तो होता तिथे. तो सांगेल तुला कुणाचा बूट आणि कुठला रंग. पुन्हा जिभेवर आणायचं नाही मग.

तर याचा रंगच उडाला. माझ्या हातातला फोन धरला. "दादाला मध्ये घेऊ नकोस."

का?

"सोड ना. ऐक माझं एवढं. दादाला नको. बोटीत बस. एवढ्यासाठी तर आलोय."

अंगाशी आल्यावर साक्षीदार नको झाला! मी हिसडा मारून फोन सोडवला आणि चालायला लागले. मागे बोटवाला कप्तानाची टोपी सावरत ओरडत होता, "दोघांची जागा आहे, या, दोघांची!" लोक बघत होते. बघू देत.

कवळी नवी असते तेव्हा माणसं "हे दात" म्हणतात. हे दात टोचतात, हे दात वाजतात. सहा महिन्यांनी तीच माणसं येतात आणि म्हणतात, "माझे दात जरा घासून द्या." मला कौतुक वाटायचं. आज कळलं ज्याचे दात जातात त्याला कसं वाटत असेल.

१४ मे, दुपार

बोलत नाही. मीही नाही, तोही नाही. टॉवेलचा नवा हत्ती आलाय. आज मीच मोडला.

१५ मे, बुधवार

फोन केला. सकाळी, साहेब खाली गेल्यावर. आता दुपार झाली. हा दोनदा वर येऊन गेला. पहिल्यांदा कॉफी ठेवून गेला. दुसऱ्यांदा दारातूनच म्हणाला, "बोट आज रिकामी आहे." मी भिंतीकडे तोंड केलं.

जसं झालं तसं लिहून काढते.

दादाने फोन घेतला तोच हसत. "काय चिमे, पाळण्यात बसलीस का?" मला चिमी म्हणणारा जगात तो एकटाच उरलाय. मी तक्रार केली. सगळं सांगितलं — हेडमास्तर, निळा बूट, कानाखाली. म्हटलं, तू सांग रे त्याला. तू होतास ना तिथे.

पलीकडे कुठलंसं दार लावल्याचा आवाज आला.

"चिमे, तू बसली आहेस ना?"

म्हटलं, बसलेय, बोल.

"तो बूट माझा होता गं."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, आता तूही! दोघांनी मिळून ठरवलंय काय?

"तू आली नव्हतीस त्या दिवशी. बाबा आणि मी, आम्ही दोघंच गेलो होतो."

आणि मग तो सांगत राहिला, थांबत थांबत. शाळेत असताना चूक कबूल करायचा तसा. बाबा म्हणाले होते, मुलीला कशाला एवढ्या लांब, कोण सांभाळणार तिला. मी तयार होऊन बसले होते. फ्रॉक, वेणी, लाल बूट. ते दोघं निघाले आणि मी दारात बसले. आईने उचलून आत नेलं तर परत जाऊन बसले. संध्याकाळी ते आले तेव्हाही तिथेच. बुटांसकट.

"रात्री तू हुंदके देत होतीस. मग मी सांगायला लागलो काय काय झालं ते. तुझं रडणं थांबेना. म्हणून तुला घातलं त्यात. म्हटलं, तू होतीस ना बोटीत, तुझा नाही का बूट पडला? तू गप्प झालीस. म्हणालीस, पुढे. मग रोज सांगायला लावायचीस. रोज."

मी म्हटलं, मला पाणी दिसतं रे! हिरवं!

"हिरवं मी केलं. तुला हिरवा आवडायचा. पाणी गढूळ होतं."

आणि बूट?

"माझा निळा होता. तुझे लाल होते म्हणून लाल केला."

मग म्हणाला, "वर आल्यावर बाबांनी मला कानाखाली मारली होती. सगळ्यांसमोर. येताना वाटभर बोलले नाहीत. ते तुझ्या गोष्टीत घातलं नाही मी."

विचारलं, आईला माहीत होतं?

"तू तिला सांगायला लागलीस तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी खूण केली. तिने तुला जवळ घेतलं आणि हो हो म्हणाली."

आणि बाबांना?

"त्यांना कोण सांगणार, चिमे."

मीच सांगितलं. चमचा हातात धरून मीच सांगितलं त्यांना. ते बराच वेळ बघत राहिले होते. आठवायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. किंवा असेल. दारात बसलेली पोरगी असेल. डोळ्यांतलं पाणी तेच असेल, नाहीतर म्हाताऱ्या डोळ्यांचं नुसतं पाणी.

दादा म्हणाला, "रागावलीस?" मी म्हटलं, नाही. खोटं. फोन ठेवला.

राग आलाय. भयंकर. दादाचा नाही, तो नऊ वर्षांचा होता आणि त्याच्या कानात शिट्टी वाजत होती, तरी तो मला गोष्ट सांगत बसला. राग बाबांचा आलाय. आणि माझा. वर्षभर मी कुणाच्या चादरी बदलल्या? ज्याने माझा बूट काढला त्याच्या. तो माणूस कधी नव्हताच! त्या पलंगावर दुसराच कुणी म्हातारा होता, आणि तो मला "ए" म्हणायचा.

बूट नसता तर केलं असतं का मी त्यांचं? सकाळपासून हेच डोक्यात. केलं असतं बहुतेक. पण वेगळ्या हाताने केलं असतं. हसून नसतं केलं.

किती वेळा सांगितली मी ही गोष्ट. लेकीला झोपवताना. लॅबमध्ये, डब्याच्या वेळी. लग्न ठरल्यावर पहिल्या भेटीत याला. नव्या कवळीसारखी आयुष्यात एकदा तरी टोचायला हवी होती. इतकी बरोबर बसली की काढून बघावंसं कधी वाटलंच नाही.

एक राहिलं. निळा. कॅनव्हासचा. नऊ वर्षांचा मुलगा. कानाखाली. मी तर याला लाल सांगितला होता, आणि मारलं हे मला कधी माहीतच नव्हतं. मग याने निळा कुठून आणला?

१६ मे, गुरुवार. बसमध्ये.

अक्षर हलतंय.

पार्कचं फाटक मागे गेल्यावर विचारलं. कधीपासून माहीत आहे तुला?

कधीपासून काय, असं नाही म्हणाला. खिडकीबाहेर बघतच सांगितलं. "लग्नाच्या आदल्या दिवसापासून. दादाने बाजूला घेऊन खरं काय ते सगळं सांगितलं होतं. म्हणाला, ती बुटाची गोष्ट सांगते ना, तेव्हा फक्त हो म्हणत जा. आयुष्यभर."

तोंडात तीळ भिजत नाही, असं मीच लिहिलंय मागच्या पानावर. दोघांनी मिळून मला एक बाप करून दिला — एकाने घडवला, दुसऱ्याने सांभाळला. परवा नाश्त्याला त्याच्या हातून पडला, एवढंच. आता राग तरी कुणाचा करू?

थोड्या वेळाने म्हटलं, टीव्ही का नाही घेतलास?

म्हणाला, "वाटलं, एकदा तरी तू खरंच त्या बोटीत बसावंस."

बस हायवेला लागली. मी बोटीत बसलेच नाही.